पेशीचा बांध कोण राखतं? ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट नव्याने शिकणाऱ्यांसाठी

अकरावीला सायन्स घेतलेली मुलं माझ्याकडे ट्यूशनला येतात तेव्हा बहुतेकांना ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टची व्याख्या आधीच पाठ असते. कमी संहतीकडून (संहती म्हणजे पदार्थ किती दाट मिसळलेला आहे ते) जास्त संहतीकडे, ऊर्जा खर्च करून, पेशीपटलातून होणारं पदार्थांचं वहन. अगदी बरोबर. पण मी विचारलं की अरे, कमीकडून जास्तीकडे न्यायचंच कशाला, पेशीला एवढा खटाटोप करायची गरज काय, की सगळे एकमेकांकडे बघतात. मला वाटतं हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, पंपांची नावं नंतर. म्हणून मी ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहिलंय. तुम्ही अकरावी-बारावीचे असा, नर्सिंगचे असा किंवा मुलांचा अभ्यास घेणारे आईबाप असा, हाच क्रम धरा आणि मधल्या पायऱ्या गाळू नका. सामान फार नाही लागत, एक कच्चं बीट, दोन पांढऱ्या वाट्या, मीठ, कागद-पेन्सिल, आणि मिळाला तर घरातल्या कोणाचा तरी रक्ताचा जुना रिपोर्ट.

पायरी 1: बीट कापा

बिटाच्या दोन सारख्या फोडी करा आणि नळाखाली धरून चांगल्या धुवा, रंग निघायचा थांबेपर्यंत धुवा, कारण सुरीने कापल्या गेलेल्या पेशींचा रंग आधी वाहून जायला हवा. आता एक फोड गार पाण्याच्या वाटीत आणि दुसरी कढत पाण्याच्या वाटीत टाका. दहा मिनिटं थांबा. गार पाणी जेमतेम गुलाबी होतं आणि कढत पाणी लालभडक.

बिटाचा रंग पेशीच्या आत एका पिशवीत असतो, तिला पुस्तकात रिक्तिका म्हणतात. त्या पिशवीला पटल आहे, पेशीला बाहेरून आणखी एक पटल आहे, दोन्ही शाबूत असतील तोवर रंग आत आणि पाणी बाहेर. उष्णतेने पटलं मोडली की रंग सुटला. हे पंपाचं प्रात्यक्षिक नव्हे हे आधीच सांगते, काही मुलं परीक्षेत तसं लिहून येतात. हे फक्त भिंतीचं प्रात्यक्षिक आहे. यातून एकच गोष्ट मनात ठसवून घ्या की जिवंत पेशीत आत एक असतं आणि बाहेर दुसरं असतं, आणि हा फरक गेला की पेशी गेली.

आता भिंत म्हटलं की गोव्यातल्या मुलांना समजावणं सोपं जातं, कारण आपल्याकडे खाजनं आहेत. मांडवी-जुवारी नद्यांच्या काठाला ज्यांचं शेत आहे त्यांना सांगायला नको, एका बाजूला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये मातीचा बांध. पण बांध एकदा घातला आणि काम संपलं असं कधी होतं का? कुर्ल्या बिळं पाडतात, पाणी झिरपतं, लाटांनी माती ढासळते, म्हणून दरवर्षी चिखल थापायचा, दगड लावायचे, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या बदलायच्या. बांधाकडे लक्ष दिलं नाही की शेत खारं होतं आणि काही वर्षांत तिथे भाताच्या जागी खारफुटी उभी राहते. पेशीचं नेमकं हेच आहे. पेशीपटलातून थोडी थोडी गळती चोवीस तास चालू असते, ती पूर्ण बंदही करता येत नाही कारण दारं तर पाहिजेतच, नाहीतर अन्न आत कसं येणार आणि नसेतून संदेश कसा जाणार. म्हणून जेवढं झिरपून आत आलं तेवढं उपसून बाहेर टाकायचं, पुन्हा झिरपलं, पुन्हा उपसायचं. ऊर्जा लागते ती या उपसण्याला. ऊर्जा नुसती पदार्थ पटलाच्या पलीकडे न्यायला लागते असं नाही, आत आणि बाहेर यांतला फरक टिकवायला ती लागते, आणि हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं तर पुढचं सगळं आपोआप जुळत जाईल.

पायरी 2: आधी विचारा, आपोआप कुठे गेलं असतं?

कुठलंही उदाहरण समोर आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा. कोणी काही केलं नाही तर हा पदार्थ कुठल्या बाजूला जाईल?

मिठात घातलेले तोर, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, आठवा. बरणीत कोवळे तोर आणि मीठ घालून वर दगड ठेवला की दुसऱ्या दिवशी बरणीत पाणी सुटलेलं असतं आणि तोर सुरकुतलेले. आपण पाणी ओतलेलं नसतं, ते तोरातलं बाहेर आलेलं असतं, कारण बाहेर मीठ जास्त आणि आत कमी, म्हणून पाणी मिठाकडे ओढलं गेलं. हे परासरण. यात पेशीने एक पैसाही खर्च केला नाही. तसंच ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात जातो, जास्तीकडून कमीकडे, फुकट. हे विसरण.

आणि तिसरा प्रकार आहे ज्यात सगळ्यात जास्त मुलं चुकतात. ग्लुकोजसारखा रेणू पटलातून सरळ जाऊ शकत नाही, त्याला प्रथिनाचं दार लागतं. तांबड्या रक्तपेशीत ग्लुकोज असाच दारातून शिरतो. दार आहे म्हणजे ऊर्जा लागली असं मुलं धरून चालतात. नाही! दार उघडं आहे आणि ग्लुकोज बाहेर जास्त आहे म्हणून तो आत येतो, बस. पाण्यासाठीही अशी वेगळी दारं असतात, ॲक्वापोरिन, त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, पण त्यातूनही पाणी उतारानेच जातं. प्रथिन दिसलं म्हणून ॲक्टिव्ह म्हणू नका, चढ आहे का ते बघा.

पायरी 3: रक्ताचा रिपोर्ट काढा

रिपोर्टमध्ये इलेक्ट्रोलाइट्स केलेले असतील तर दोन आकडे शोधा. सोडियम साधारण 135 ते 145, पोटॅशियम साधारण 3.5 ते 5. हे रक्ताच्या पाण्यातले, म्हणजे पेशीच्या बाहेरचे आकडे, एकक मिलीमोल प्रति लिटर. आता त्याच कागदाच्या बाजूला पेन्सिलने पेशीच्या आतले आकडे लिहा. सोडियम 10 ते 15, पोटॅशियम 140 च्या आसपास.

नुसतं बघत राहा एक मिनिट. बाहेर सोडियमचा समुद्र आणि आत पोटॅशियमचा, मध्ये पटल केवढं, तर सात-आठ नॅनोमीटर जाडीचं, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये अशी एक लाखाहून जास्त पटलं रचता येतील. एवढ्याशा बांधाने दोन्हीकडे दहापट, तीसपट फरक धरून ठेवलाय. आणि हा तुमच्या अंगातल्या प्रत्येक जिवंत पेशीत आहे, तुम्ही हे वाचताना आहे, झोपल्यावर पण आहे.

मागे एका मुलीने विचारलं, "टीचर, पण एकदा फरक तयार झाला की मग पंप बंद केला तर?" इतका चांगला प्रश्न होता. मी तिला ब्लड बँकेतलं उदाहरण दिलं. दान केलेलं रक्त 2 ते 6 अंश सेल्सिअसला ठेवतात. थंडीत पंपाचं काम जवळजवळ थांबतं पण गळती सुरूच असते, म्हणून दिवस जातील तसं तांबड्या पेशींतलं पोटॅशियम हळूहळू पिशवीतल्या द्रवात येऊन साचतं, आणि म्हणून तान्ह्या बाळाला भरपूर रक्त पटकन द्यायचं झालं तर डॉक्टर शक्यतो ताजी पिशवी बघतात. पंप थांबला की काय होतं ते तिथे आकड्यात दिसतं.

पायरी 4: पंप स्वतः कागदावर काढा

हा पंप म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप, याच विषयाचा कणा. पुस्तकातलं चित्र बघून सोडून देऊ नका, स्वतः काढा, चार खोकी काढा, चित्रकला वाईट असली तरी चालेल.

पहिल्या खोक्यात पंपाचं तोंड आतल्या बाजूला उघडं आहे आणि तीन सोडियम येऊन बसतात. दुसऱ्यात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन असलेला रेणू, येतो, आपला एक फॉस्फेट पंपाला चिकटवतो आणि स्वतः एडीपी होऊन जातो, त्या चिकटलेल्या फॉस्फेटमुळे पंपाचा आकार बदलतो, तोंड बाहेरच्या बाजूला उघडतं आणि सोडियमवरची पकड सुटते, तीनही बाहेर पडतात. तिसऱ्या खोक्यात बाहेरून दोन पोटॅशियम येऊन बसतात आणि फॉस्फेट सुटून जातो. चौथ्यात फॉस्फेट नसल्यामुळे पंप पुन्हा जुन्या आकारात येतो, तोंड आत, आणि पोटॅशियम आत सुटतात. झाला एक फेरा. तीन बाहेर, दोन आत, एक एटीपी खर्च.

यातला दुसरा खोका नीट समजून घ्या. एटीपी म्हणजे काही पेट्रोल नव्हे की जळला आणि धक्का बसला. फॉस्फेट चिकटल्याने प्रथिनाचा आकार बदलतो आणि आकार बदलल्याने कोणाला घट्ट धरायचं आणि कोणाला सोडायचं हे बदलतं, आत तोंड असताना सोडियम आवडतो, बाहेर तोंड असताना पोटॅशियम आवडतो. सगळी करामत या बदलणाऱ्या आवडीत आहे. हे कळलं की कॅल्शियम पंप, प्रोटॉन पंप वेगळे शिकावे लागत नाहीत.

सोडियम आणि पोटॅशियम दोघांवर एकेक प्लस, म्हणजे धन विद्युतभार, असतो. तीन प्लस बाहेर आणि दोनच प्लस आत, म्हणजे दर फेऱ्याला आत एक प्लस कमी होतो. यावरून मुलं लिहितात की नसेच्या पेशीत बाहेरच्या मानाने आत जो उणे 70 मिलीव्होल्टचा विद्युतदाब असतो तो पंपानेच तयार केला. थेट पंपाचा वाटा त्यात थोडाच असतो. पंपाने आत पोटॅशियम साठवलं, ते पोटॅशियम आपल्या दारांतून बाहेर झिरपतं आणि जाताना प्लस घेऊन जातं, जास्त करून त्यामुळे आत उणे होतं. म्हणजे व्होल्टेजसुद्धा त्या फरकातूनच आलं, आणि फरक पंपाने राखला.

हा पंप सापडला कुठे, तर खेकड्यात. 1955 साली इंग्लंडमध्ये हॉजकिन आणि कीन्स यांनी कटलफिशच्या, म्हणजे आपल्या माणक्यांच्या (स्क्विडच्या) गोतावळ्यातल्या प्राण्याच्या, जाड नसेत दाखवलं होतं की पेशीची ऊर्जा विष घालून बंद केली की सोडियम बाहेर टाकणं मंदावतं. म्हणजे कोणीतरी ऊर्जा खाऊन सोडियम उपसतंय हे कळलं, पण कोण ते माहीत नव्हतं. 1957 मध्ये डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात येन्स स्कोऊ यांनी किनाऱ्यावरच्या खेकड्याच्या पायांतल्या नसा घेतल्या, त्या वाटल्या, आणि त्यातलं एक प्रथिन एटीपी तोडतंय हे पाहिलं. पण नुसतं सोडियम घातलं तर थोडंसंच, सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही घातलं की जोरात! तिथे त्यांच्या लक्षात आलं. चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये, त्यांना रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल मिळालं, उरलेलं अर्धं एटीपी तयार करणारं यंत्र उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना, म्हणजे कमावणारा आणि खर्च करणारा दोघांचा सन्मान एकाच वर्षी. तो खेकडा युरोपातला, आपली कुर्ली नव्हे, पण पंप तोच आहे, कुर्लीत, बांगड्यात आणि आपल्यात.

खर्च किती? आपण नुसते पडून असतो तेव्हा शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या एका पंपावर जातो, मेंदूत तर याहून खूप जास्त. ट्यूशनमध्ये मी विचारते की दिवसभर काही केलं नाही तरी भूक का लागते, त्याच्या उत्तरातला एक मोठा तुकडा इथे आहे.

पायरी 5: पैसे कोणी भरले ते शोधा

आता दुसरा प्रश्न. पदार्थ चढ चढतोय हे कळलं, मग त्याचं भाडं कोणी भरलं? पंपाने स्वतः एटीपी तोडला असेल तर तो प्राथमिक प्रकार. पण पुष्कळदा एटीपी समोर दिसतच नाही. तरी चढ चढला जातो. हा दुय्यम प्रकार, आणि हा सगळ्यात सुंदर भाग आहे, इथे घाई करू नका.

खाजनाकडे परत या. भरतीचं पाणी बांधाबाहेर साचलंय, त्याला आत यायची ओढ आहे. समजा त्या पाण्याला एकाच वाटेने आत सोडलं आणि त्या वाटेवर चक्की बसवली, तर आत येणारं पाणी चक्की फिरवेल. पेशी नेमकं हे करते. पंपाने उपसून बाहेर टाकलेल्या सोडियमला आत यायची जबरदस्त ओढ असते. आतड्याच्या पेशीत एक प्रथिन आहे, एसजीएलटी-1 नावाचं, ते सोडियमला आत सोडतं पण एका अटीवर, दोन सोडियम आले की बरोबर एक ग्लुकोज घेऊन यायचं. सोडियम उतारावर, ग्लुकोज चढावर, दोघे एकाच वाहनात. आत आलेला सोडियम मग मागच्या बाजूचा पंप पुन्हा उपसून टाकतो आणि तिथे एटीपी खर्च होतो. म्हणजे भाडं भरलं गेलंच, फक्त दुसऱ्या काउंटरवर. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्रागच्या एका परिषदेत मांडली.

आणि या कल्पनेने किती जीव वाचले याचा विचार केला की मला अजून भरून येतं. कॉलऱ्यात आतडं पाणी आणि क्षार बाहेर ओतत सुटतं, पण हे सोडियम-ग्लुकोजचं वाहन तसंच चालू राहतं, ते बिघडत नाही. नुसतं पाणी पाजलं तर ते नीट शोषलं जात नाही, नुसतं मीठ-पाणी पाजलं तरी नाही, पण मिठाबरोबर साखर दिली की वाहन चालू होतं, सोडियम आणि ग्लुकोज आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित सीमेवर बनगावला आले, तिथे कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी तयार करून लोकांना प्यायला दिलं आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. त्यांना 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. हिशेब केला तर सोडियम 75 आणि ग्लुकोज 75 मिलीमोल, एकास एक. पाकिटाच्या मागे छापलेलं वाचा, मुलांना वाचायला लावा, तो सगळा धडा त्या पाकिटावर आहे. पाकीट नसेल तर घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. साखर वाढवू नका. जास्त साखर आतड्यात राहिली की परासरणाने उलट पाणी बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात, इथे पायरी 2 आठवली पाहिजे. म्हणून दुकानातला गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे.

मी लहान असताना घरात कोणाचं पोट बिघडलं की आजी पातळ पेज मीठ घालून द्यायची, दर थोड्या वेळाने दोन घोट. आम्हाला वाटायचं आजारी माणसाला दुसरं काय देणार म्हणून देते. कॉलेजात एसजीएलटी शिकले तेव्हा एकदम उलगडलं, तांदळाचा स्टार्च आतड्यात फुटून ग्लुकोज होतो, हळूहळू होतो म्हणून पाणी ओढत नाही, आणि मीठ बरोबर आहेच. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होत नाही असं दिसलं तर मात्र पेज-पाण्यावर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

याच कुटुंबातलं दुसरं वाहन मूत्रपिंडात आहे, एसजीएलटी-2. मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात, त्यात ग्लुकोजही गळतो, आणि हे वाहन तो जवळजवळ सगळा परत ओढून घेतं, म्हणून निरोगी माणसाच्या लघवीत साखर नसते. पण वाहनांची संख्या ठरलेली आहे. रक्तातली साखर दर डेसीलिटरला 180 मिलिग्रॅमच्या आसपास पोचली की वाहनं भरून जातात आणि उरलेली साखर लघवीत उतरते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब पाहणीत, जी 2023 मध्ये छापून आली, गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त, त्यामुळे आपल्या घराघरात मधुमेहाच्या गोळ्या आहेत. त्यातल्या ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं त्या गोळ्या हेच वाहन अडवतात, साखर मुद्दाम लघवीतून जाऊ देतात. घरातल्या गोळ्यांच्या पाकिटावर ते नाव सापडतंय का बघा, फक्त बघा, गोळी बदलायचं काम डॉक्टरांचं.

पायरी 6: रायबंदरहून फेरीत बसा

शक्य असेल तर ही पायरी नक्की करा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, तिथे सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला खारफुटीचं जंगल आहे. अभयारण्याच्या आत पानं तोडू नका, काठाने बाहेरही तिवरं, म्हणजे खारफुटीतलीच एक जात, दिसतात. पाऊस नसलेल्या दिवसांत, ऊन चढल्यावर जा. तिवराच्या पानाकडे तिरक्या उजेडात बघा, पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल.

जवळच कांदळ असेल, आधाराची कमानीसारखी मुळं असलेला. त्याच्या पानावर मीठ दिसत नाही. दोघे एकाच चिखलात, एकाच खाऱ्या पाण्यात, मग असं का? कांदळ बहुतेक सगळं मीठ मुळाशीच गाळून अडवतो, आणि पाणी वर ओढणारा जोर येतो पानांतून उडणाऱ्या पाण्यामुळे, म्हणजे शेवटी उन्हामुळे. तिवरही बरंचसं मुळाशी अडवतं, पण जे आत शिरतं ते पानातल्या मिठाच्या ग्रंथी उपसून बाहेर टाकतात, आणि त्या ग्रंथींना एटीपी लागतो, ऊर्जा बंद करणारं रसायन दिलं तर मीठ टाकणं थांबतं. आता आपले दोन प्रश्न लावा. आपोआप कुठे गेलं असतं? भाडं कोणी भरलं? एकाच काठावर दोन झाडं आणि दोन वेगळी उत्तरं.

झाडांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यांच्यात सोडियमचा पंप हा मुख्य नसतो. तिथे मुख्य पंप प्रोटॉनचा, म्हणजे हायड्रोजन आयनचा. झाड एटीपी खर्च करून प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि मग परत येणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर नायट्रेट वगैरे आत ओढतं किंवा सोडियम बाहेर टाकतं, मीठ सोसणाऱ्या वनस्पती सोडियम रिक्तिकेत कोंडून ठेवतात ते याच जोरावर. खाजनात पिकणारं कोरगुट भात खारटपणा सोसतं हे आपल्याला माहीत आहे, पुढे कधी ॲग्रीकल्चर शिकायचं मनात असेल तर हा विषय इथूनच सुरू होतो. आणि कुंडीत पाणी तुंबलं की झाड पिवळं का पडतं? मुळांना ऑक्सिजन नाही, एटीपी कमी, पंप मंद, मातीत खत असूनही आत येत नाही. खत आणखी घालू नका, पाणी जाऊ द्या.

परत येताना बाजारात चोणाक दिसला तर त्याचे कल्ले उघडून बघा. हा मासा खाऱ्या पाण्यातही राहतो आणि गोड्यातही. समुद्रातल्या हाडांच्या माशांचं रक्त समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारट, म्हणून समुद्रात त्याचं पाणी बाहेर जातं आणि मीठ आत घुसतं, तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात आला की सगळं उलट, आता तेच कल्ले बाहेरच्या पाण्यातून क्षार वेचून आत घेतात. त्या पेशींत सोडियम-पोटॅशियम पंप खच्चून भरलेले असतात. पावसाळ्यात आपल्या नद्यांच्या खाड्यांत पाणी गोडं होतं आणि उन्हाळ्यात खारट वर चढतं, अशा ठिकाणी राहायचं तर हे यायलाच हवं.

उरलेलं थोडक्यात

जठरातला प्रोटॉन पंप एक एटीपी वापरून हायड्रोजन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो, रक्ताच्या मानाने तिथलं आम्ल दहा लाख पटीच्या घरात तीव्र असतं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या त्याच पंपाला जखडतात, आणि चालू असलेल्या पंपालाच जखडू शकतात, म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात, जेवताना पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे.

स्नायूतला कॅल्शियम पंप एका एटीपीत दोन कॅल्शियम आत साठवणीच्या पिशवीत परत टाकतो, तेव्हाच स्नायू सैल पडतो. मेलेला मासा काही तासांनी कडक होतो ते एटीपी संपल्यामुळे, कॅल्शियम परत जात नाही आणि स्नायूचे धागे एकमेकांत अडकून राहतात.

मोठे घास मात्र पंपाने जात नाहीत. पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा पटलाचाच खळगा करून तो आत ओढते, आणि इन्शुलिन बाहेर सोडताना पिशवी पटलाला चिकटून उघडते. यालाही ऊर्जा लागते, पण इथे संहतीचा चढ-उतार हा मुद्दाच नाही, म्हणून पेपरात याचं वेगळं शीर्षक करा.

आता सरावासाठी पाच उदाहरणं देते, वहीत प्रत्येकापुढे फक्त दोन गोष्टी लिहा, आपोआप कुठे गेलं असतं आणि भाडं कोणी भरलं. थायरॉइड ग्रंथी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आयोडीन गोळा करते, दर आयोडाइडबरोबर दोन सोडियम आत येतात. मनुका पाण्यात भिजून फुगतात. फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तिवराचं पान मीठ टाकतं. तांबड्या पेशीत ग्लुकोज शिरतो. पहिलं दुय्यम आहे, चौथं ऊर्जा खाणारं, बाकी तिन्ही फुकटची. पहिल्यात अडकलात तर पायरी 5 परत वाचा आणि पेजेचं वाटी-चमच्याचं चित्र काढून त्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने दाखवा, माझ्याकडची मुलं असं काढतात आणि मग ती जोडी विसरत नाहीत.